‘संगं कोण आहे?’ : एकट्यानं, सावकाश फिरल्याचे अनुभव

आपल्याकडं एकटा माणूस एसटीतून उतरला की पहिला प्रश्न ‘कोणत्या गावचे?’ आणि दुसरा ‘संगं कोण आहे?’ दुसऱ्याचं उत्तर ‘कुणी नाही’ असं दिलं की समोरचा जरा वेळ तुमच्या पिशवीकडं बघतो. घरातून भांडून आलाय का, जमिनीचा काही तंटा आहे का, असा अंदाज बांधत असावा.

तुम्ही हे उत्तर कधी दिलं असेल तर लिहा. अट एवढीच की घाई नको. ‘चार दिवसांत अकरा ठिकाणं’ वाल्यांनी कृपया क्षमा करावी. आणि फिरल्यावर काही लिहिलं असेल, वहीत, पत्रात, हिशेबाच्या कागदामागं, तर तेही सांगा. मराठवाड्यातलंच हवं असं नाही. इथून निघून कुठं गेलात तेही चालेल.

सुरुवात माझ्यापासून. मी एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’चा सात दिवसांचा पास काढला होता. पास हातात आला की माणसाचं डोकं फिरतं. पैसे वसूल झाले पाहिजेत! औंढा नागनाथ, परळी, तुळजापूर, वेरूळ, रोज नवी गाडी, रोज नवं स्टँड. सात दिवसांतलं आज धड आठवतं ते एकच. गंगाखेडच्या अलीकडं गाडी बंद पडली. मागून येणारी गाडी भरलेली. शेवटी गावापर्यंत चालत गेलो आणि गोदावरीच्या घाटावर तीन तास बसलो. एक बाई तांब्याची भांडी राखेनं घासत होती आणि जनाबाईचा अभंग म्हणत होती. गंगाखेड जनाबाईचंच गाव. मधेच अभंग थांबवून नातवाला शिवी द्यायची आणि परत त्याच ओळीवर यायची. पासातलं तेवढंच वसूल झालं. तेही एसटी बंद पडली म्हणून.

*

अंबाजोगाईहून, निवृत्त शिक्षिका

हे गेल्यावर वर्षभर मी घराच्या बाहेर पडले नाही. मग 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं आणि शेजारच्या बाईंनी चेष्टेत म्हटलं, ‘आता तर निम्म्या पैशात माहेर.’ माहेरी कुणी उरलं नव्हतं. मी तेरचं तिकीट काढलं.

तेरच का? तीस वर्षं मुलांना शिकवलं की तेर म्हणजे प्राचीन तगर, इथला माल रोमपर्यंत जायचा. स्वतः पाहिलं नव्हतं. धाराशिवला गाडी बदलली. तेरला उतरले तर वस्तुसंग्रहालय त्या दिवशी बंद. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, शेतात सापडणारं एकेक जुनं गोळा करून ठेवलं, त्यातून उभं राहिलेलं हे संग्रहालय. पाँपेईला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीशी जिचं नातं जोडतात ती मूर्ती बघायला म्हणून मी आले होते. दाराला कुलूप. आधीची मी असते तर परतीची गाडी विचारली असती.

गोरोबाकाकांच्या देवळात गेले. तिथल्या एका आजींनी ‘संगं कोण आहे?’ विचारलं. मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग रात्रीचं कशाला जाता, घरी चला.’ मी गेले. ओळख ना पाळख. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कांदा. रात्री त्यांनी माझ्याकडून दोन गोष्टी काढून घेतल्या ज्या मी माझ्या मुलीलाही सांगितलेल्या नाहीत. त्यांना परत भेटणार नव्हते ना, म्हणून असेल.

सकाळी त्रिविक्रमाच्या देवळापाशी बसले. विटांचं आहे, मागून गोलाकार. मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक मानतात. मी शिकवताना हे एका ओळीत सांगायची. तिथं बसल्यावर कळलं की त्या विटा आपल्या आजच्या विटांपेक्षा किती मोठ्या आहेत. एका विटेवर मी हाताची वीत ठेवली, ती पुरली नाही. एक शाळकरी पोरगा म्हणाला, ‘बाई, इथली वीट पाण्यात टाकली तर तरंगते.’ तू टाकून बघितलीस का विचारलं, तर म्हणाला, ‘हात लावायचा नसतो.’ शहाणा!

संग्रहालय तिसऱ्या दिवशी पाहिलं. बाहुली लहान आहे. मला मोठी वाटली होती.

*

नांदेडहून

वरच्या बाईंनी गोरोबाकाकांचं नाव काढलं म्हणून लिहितो. थापटण्यानं सगळ्या संतांची डोकी तपासून काकांनी ज्याला ‘हे मडकं कच्चं’ म्हटलं, त्या नामदेवांच्या मागं मी गेलो होतो. सुरुवात नर्सीपासून केली, हिंगोलीजवळच्या. तिथून पंजाबात घुमानला, गुरदासपूर जिल्ह्यात.

गाडी सचखंड. सुपरफास्ट गाडीनं कसला सावकाश प्रवास, असं कुणी म्हणेल. पण सकाळी नांदेडला बसायचं आणि दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला उतरायचं, एवढ्या वेळात डब्यातल्या प्रत्येकाचं घरदार पाठ होतं. त्यात या गाडीचा लंगर. वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवेकरी बादल्या घेऊन उभे असतात, डाळ, भाजी, भात, पोळी. जुने प्रवासी घरून ताटली आणतात. मी आणली नव्हती. वर्तमानपत्रावर कढी घेता येत नाही हे भोपाळला कळलं. समोरच्या बीबींनी त्यांच्या डब्याचं झाकण दिलं, ते मी अमृतसरपर्यंत वापरलं आणि धुऊन परत केलं.

घुमानला दोन दिवस राहायचं ठरवलं होतं, नऊ राहिलो. 2015 साली तिथं मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी ते नाव ऐकलं. तिथल्यांना मात्र ‘बाबा नामदेव’ कधीच परके नव्हते. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. पहाटे ती कानावर आली तेव्हा भाषा समजेना, मधेच ‘विठ्ठल’ ऐकू आला आणि मी जागच्या जागी बसलो. रडलो वगैरे नाही. पण बसलो.

रोज संध्याकाळी एक म्हातारे सरदारजी बाकावर येत. मी बाबाजींच्या गावाकडचा म्हटल्यावर त्यांनी नर्सीची चौकशी सुरू केली. विहिरी किती, जमीन काळी की पांढरी, गहू होतो का. सहाव्या दिवशी विचारलं, ‘तिथं पाऊस पडतो ना वेळेवर?’ आता काय सांगणार? ‘पडतो,’ म्हटलं, ‘पण भरवसा नाही.’ त्यांनी दोन्ही हात जोडून वर पाहिलं. आमच्या हिंगोलीच्या पावसासाठी घुमानमध्ये कुणीतरी हात जोडले, हे मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय.

*

नाव-गाव नको

तालुक्याच्या एका गावी लॉजवाला म्हणाला, ‘एकट्या माणसाला खोली देत नाही.’ का? ‘मागं एकानं फास घेतला. पोलीस आम्हाला बोलवत बसले.’ मी हसून दाखवलं, आधार कार्ड दाखवलं, परतीचं रिझर्वेशन दाखवलं. नाही. शेवटी तो म्हणाला, घरचा नंबर द्या. माझ्यासमोर बायकोला फोन. ‘वहिनी, तुमचे मालक इथं एकटेच आलेत, फिरायला म्हणतात. घरी काही झालंय का?’ बायको काय बोलली मला ऐकू आलं नाही, पण त्यानं खोली दिली आणि पंख्याला हात लावून बघितला, मग दुसरी खोली दिली, टेबलफॅनची.

घरी आल्यावर विचारलं काय बोललीस. म्हणाली, ‘ते नेहमीच असे करतात म्हटलं.’

*

धारूर तालुक्यातून

तुमचा विषय वाचून आधी हसू आलं. सावकाश प्रवास म्हणे. आमच्याकडं दसरा झाला की निम्मं गाव सावकाश प्रवासालाच निघतं. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, ज्वारीची पोती, कोंबड्या, म्हातारी, लेकरं. मी त्या लेकरांतला. केज, कळंब, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर आणि पुढं सांगलीकडं, जिथला कारखाना असेल तिथं. फडाजवळ कोपी बांधायची, उसाच्या पाचटाची. पाडव्याच्या आसपास परत. माझी शाळा दिवाळीला सुटायची ती उन्हाळ्यात भरायची.

पुढं एका मामांनी वसतिगृहात घातलं म्हणून मी सुटलो. नोकरी लागली. आणि चाळिशीत एके दिवशी सायकल काढली आणि तोच रस्ता धरला. एकटा. बायकोला कारण सांगता आलं नाही, मलाही माहीत नव्हतं.

ट्रॅक्टरला दोन दिवस लागायचे, मला सहा लागले. लहानपणी गावांची नावं माहीत नव्हती, खुणा होत्या. ‘कोंबडी पडली ते वळण.’ ‘आईनं भजी घेतली तो पूल.’ ‘हापसा.’ वळण सापडलं. पूल नवा झालाय, जुना शेजारी पडून आहे. हापसा कुठंच नाही. बार्शीच्या पुढं एका चहाच्या टपरीवर तासभर त्यासाठी भांडलो, की इथंच होता. टपरीवाला शेवटी वैतागून म्हणाला, ‘होता बाबा, होता, घे चहा.’

पंढरपूरच्या अलीकडं मागून ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या. वर लेकरं. एका पोरीनं माझ्या सायकलकडं बघून हात केला. मी केला का नाही ते आठवत नाही, म्हणजे केला नसणार.

लिहिलंय सगळं. कुणाला दाखवलेलं नाही. आई लिहिता-वाचता नाही, तिला वाचून दाखवायचं म्हणतोय दोन वर्षं.

*

लातूरहून, दोनच ओळी

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडं एकट्यानं फिरून दाखवा. बाजारात कुत्रं नसतं. सगळं गाव रानात, कडब्याच्या कोपीपाशी. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून बसवतात, आंबिल, भज्जी, उंडे, खीर. मी दुपारपर्यंत चार शेतांत जेवलो आणि पाचव्याला लपून गेलो. दोनाच्या जास्त झाल्या ओळी.

*

पैठणहून, मराठीची विद्यार्थिनी

फिरण्याबद्दल सगळे लिहितायत, लिहिण्याबद्दल मी लिहिते.

माझी पहिली वही आता वाचवत नाही. ‘नयनरम्य’, ‘अप्रतिम’, ‘शब्दांत न मावणारे’. मग अभ्यासाला महानुभावांची स्थानपोथी आली. चक्रधरस्वामी जिथं जिथं राहिले, बसले, त्या जागांची नोंद. सातेकशे वर्षांपूर्वीचं मराठी. त्यात विशेषणं जवळपास नाहीत. मठ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कुठं तोंड करून, ओटा कुठं, झाड कुठं, तिथून नदी कोणत्या बाजूला. एवढंच. चालत फिरणाऱ्या लोकांनी पुढं चालत येणाऱ्यांसाठी लिहिलेलं. मला वाटलं, झालं की, आपल्याला दुसरं काय हवं?

तेव्हापासून पैठणमध्येच फिरते, जिथं जन्मले तिथं. एक गल्ली एक आठवडा. दिशा आधी, मत नंतर, आणि बहुतेक वेळा मत लिहायचं राहूनच जातं. एका पैठणी विणणाऱ्या काकूंकडं आठ दिवस नुसती बसले. पदरावरचा मोर विणताना लहान लहान तिल्ल्यांवर वेगवेगळे रंग असतात, एकेक धाग्याला हातानं गुंतवायचं. पहिल्या दिवशी मी लिहिलं, ‘मोर’. आठव्या दिवशी कळलं की त्या आठ दिवसांत मानेपर्यंतच झाला होता.

*

औशाहून

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मी सात वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. आमचं गाव वाचलं. भूकंपात किल्लारीकडच्या गावांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी परत लिहीत नाही.

तीस वर्षांनी तिकडं पायी फिरलो. एका गावात तीन-चार दिवस, मग पुढचं. जुन्या गावांच्या जागा आणि पुनर्वसनाची नवी गावं, दोन्ही. जुन्या जागी उंबरठे दिसतात, बाभळी वाढल्यात. एका नव्या गावात पाराच्या कट्ट्यावर लिहीत बसलो होतो. एक आजी आल्या. ‘काय लिहायलाव?’ सांगितलं. ‘संगं कोण आहे?’ कुणी नाही. ‘बरं. वाचून दाखवा.’

मी जुन्या गावाचं वर्णन वाचलं. वेस, तिच्या आत मारुती, मारुतीसमोर कडुलिंब, लिंबाखाली बसणारी माणसं. एका दुसऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं तसं. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. मी वाचून थांबलो तरी डोळे मिटलेलेच. मग म्हणाल्या, ‘लिंब नव्हता. चिंच होती.’

मी म्हटलं, ते बाबा तर लिंब म्हणाले.

‘त्याला काय ठाव, तो वरच्या आळीचा. माझं घर चिंचेला लागून होतं. आकडे पत्र्यावर पडायचे.’ जरा थांबून म्हणाल्या, ‘खोडा.’

लिंब खोडला. वर चिंच लिहिलं. त्या वहीत वाकून बघत होत्या, वाचता येत नव्हतं तरी.