मदत हवी आहे: आंब्याचा मोहर उमललाय, भुरी आलीय, आता गंधक मारावं का?

नाशिक, गंगापूर रोड. अंगणात 8 वर्षांचं केशरचं कलम आहे, उंची साधारण 12 फूट. शेवगा फुललाय, पळसाला कळ्या आल्यात, आणि यंदा आंबाही पहिल्यांदाच असा भरभरून मोहरलाय. म्हणूनच जीव टांगणीला लागलाय.

फांदी हलवली की तुडतुडे उडतात. खालची पानं चिकट झालीत, दोन-तीन पानांवर काळी बुरशी धरलीय. चार दिवसांपासून काही तुऱ्यांच्या देठांवर पिठासारखी पांढरी भुरीही दिसतेय. बोटाने पुसली की निघते आणि त्याखालच्या कळ्या तपकिरी होऊन गळतात. रात्री अजून चांगलाच गारवा असतो, दुपारी मात्र ऊन चटकतं.

फुलं उमलायच्या आधी कडुनिंबाचं तेल (लिटरला 5 मिली, थोडा साबण घालून) आठ दिवसांच्या अंतराने दोनदा फवारलं. शेवटची फवारणी 10 दिवसांपूर्वीची. जास्त खराब तुरे कापून टाकले. पाणी डिसेंबरपासून बंद आहे.

आता निम्मी फुलं उमललीत, सकाळी मधमाश्या भरपूर असतात. त्यामुळे कीटकनाशक अजिबात नको. शिवाय घरात लहान मुलं आहेत आणि पंप 5 लिटरचाच आहे.

पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक आणून ठेवलंय. पण तेलावर लगेच गंधक मारलं तर पानं-मोहर करपतो, म्हणून हात थांबलाय. तेलानंतर नक्की किती दिवस थांबू? आणि गंधक संध्याकाळी उमललेल्या फुलांवर मारलं तर चालेल, की मोहरीएवढी फळं धरेपर्यंत वाट पाहू?