फुकटे आजोबा आणि आमच्या पोरांची फी

खवट_काकू:
अण्णांची कालची पोस्ट, "फुकट ऑडिट करणारे म्हातारे वर्गात गर्दी करतात आणि फी मात्र आमच्या पोरांची वाढते." गप्प बसणार होते, नाही बसवलं. अहो ऑडिट म्हणजे नुसतं वर्गात बसून ऐकणं, आणि रटगर्सचा, आपल्या सरकारी युनिव्हर्सिटीचा, नियम तरी वाचा आधी. न्यू जर्सीत राहणारे, ६२च्या पुढचे, रिटायर झालेले, आणि तेही वर्गात जागा उरली तरच. क्रेडिट नाही, ग्रेड नाही, डिग्री तर नाहीच नाही. उरलेल्या खुर्चीत माझे सासरे बसले तर तुमच्या पोरीची फी कशी काय वाढली ते मला एकदा हिशोब मांडून दाखवा. आयुष्यभर बॉयलर तपासत फिरले, आता रोमन इतिहासाच्या लेक्चरला डबा घेऊन जातात, पहिल्याच रांगेत बसतात कारण मागून कानाचं मशीन नीट पकडत नाही. एवढं खुपलं तुम्हाला?

एडिसनचा_अण्णा:
खुर्ची रिकामी असते, वेळ रिकामा नसतो काकू. पोरगी सांगते, एक काका आहेत, त्यांनी हात वर केला की शीतयुद्ध त्यांच्याच अंगणात झालं असावं. सर ऐकत बसतात, सिलॅबस मागे राहतो, आणि ती कर्ज काढून शिकतेय. प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीत बघा, बाहेरचे ऑडिटर पैसे भरून येतात आणि चर्चेत तोंड उघडायचं नाही. तसं करा, माझी काही हरकत नाही.

ओहायोचा_वडापाव:
मग राग काकांचा की सरांचा? आवरायचं काम सरांचं. आमच्याकडे तर कायदाच आहे, सरकारी युनिव्हर्सिट्यांनी ६०च्या वरच्यांना (राज्यात वर्षभर राहिलेले हवेत) जागा असेल तर फुकट बसू द्यायचं, ओहायो स्टेटमध्ये त्याला प्रोग्रॅम ६० म्हणतात. पार्किंग मात्र फुकट नाही, तो वेगळा धागा होईल.

तासिका_बाई:
"सरांचं काम" म्हणणं सोप्पंय हो. मी शिकवते, कोर्समागे ठरलेले पैसे, इन्शुरन्स नाही, ऑफिस तिघींत एक. ऑडिटवाल्यांचं काही तपासायचं नसतं, पण मागे एका आजोबांनी निळ्या शाईत, समास सोडून, जाडजूड निबंध लिहून आणला आणि "सवडीने बघा" म्हणाले. आता नाही कसं म्हणायचं? बसले रात्री तपासत, फुकट. दिलेलं सगळं वाचून येणारे वर्गात तेच एकटे होते, हे मात्र कबूल करावं लागेल, नाइलाजाने.

नाव_नको:
सासरे, आजोबा, काका. बायका कुठायत? आपल्यातल्या किती जणांच्या आया जातात क्लासला? त्यांना सकाळी नातवंडाची बस, मग कुकर, मग परत बस. फुकट शिक्षणाची चर्चा करताय, फुकट आया वापरताय त्याचं काय?

एडिसनचा_अण्णा:
विषय काय, बोलताय काय. शाळा सुटल्यावर पोरं सांभाळणाऱ्या आफ्टरकेअरची बिलं भरलीत कधी? आणि माझ्या आईला माझ्या धाकट्या पोराबरोबर आवडतं.

नाव_नको:
हे त्या म्हणाल्या की तुम्ही?

एडिसनचा_अण्णा:
माझ्या आईला मध्ये आणायचं नाही. सांगून ठेवतो.

खवट_काकू:
तुम्हीच आणलीत की! बाय द वे माझ्या सासूबाई पण घरीच असतात. सासऱ्यांचा डबा कोण भरतं असं कुणी विचारायच्या आत सांगते, त्याच भरतात. या मुद्द्यावर मी तोंड बंद ठेवते.

ओहायोचा_वडापाव:
अण्णा, आईचं ग्रीन कार्ड असेल ना? वय?

एडिसनचा_अण्णा:
७०. ग्रीन कार्ड आहे, न्यू जर्सीतच राहते, रिटायर्ड आहे. बसतं सगळं नियमात, कळलं मला, एवढं पाठ करून घेऊ नका. पण अमेरिकन लेक्चर झेपायचं नाही तिला.

नाव_नको:
काय शिकल्यात त्या?

एडिसनचा_अण्णा:
एमएस्सी बॉटनी. शाळेत शिकवायची.

तासिका_बाई:
बॉटनी शिकवलेल्या बाईला लेक्चर झेपायचं नाही?? लॅबच्या कोर्सला नाही घेतलं तरी नुसत्या लेक्चरच्या कोर्सला विचारून बघा. प्रोफेसर हो म्हणाले पाहिजेत एवढंच, आणि अशा बाईला मी तर आनंदाने हो म्हणेन. निबंध आणला तरी.

एडिसनचा_अण्णा:
धन्य आहात सगळे. घालतो हं आईला युनिव्हर्सिटीत. आणि साडेतीनला धाकट्याला बसवरून कोण आणणार, तुम्ही?

नाव_नको:
तुम्ही. घरूनच काम करता ना, मागच्या धाग्यात भर दुपारी श्रीखंडावर चार पानं भांडत होतात.

एडिसनचा_अण्णा:
साडेतीनला माझे कॉल असतात.

खवट_काकू:
हो का.