व्हिसाची कटकट आपल्याच नशिबी का?

पार्लेकर: भाची कॉन्फरन्ससाठी पॅरिसला चालली आहे. तीन वर्षांचे आयटीआर, बँक स्टेटमेंट, ऑफिसची एनओसी, हॉटेल बुकिंग, सगळी फाइल तयार. तर फोटोत चेहरा लहान आलाय म्हणून काउंटरवरून परत. वर ९० युरो फी, व्हिसा नाकारला तर तेही बुडीत खाती. तिच्याच टीममधला सिंगापूरचा पोरगा तिकीट काढून मोकळा. पगार दोघांचा जवळपास सारखा. माणूस कोण बघतंय? देश श्रीमंत की गरीब, एवढंच बघतात.

गिरगावचा बंड्या: साफ असहमत. तसं असतं तर कतार-कुवेतवाल्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा, लागला नसता. लागतो! आणि मोल्दोव्हा, युरोपातल्या गरिबांतला गरीब, त्याला २०१४ पासून माफी. कारण त्यांनी बायोमेट्रिक पासपोर्ट आणले, सीमेवरचा ढिलेपणा संपवला आणि मुख्य म्हणजे बेकायदा राहिलेले आपले नागरिक परत घ्यायचा करार युरोपीय संघाशी केला. सर्बियाने आपल्यालाही व्हिसा माफ केला होता. लोक तिथे उतरून मागल्या दाराने पुढे सरकायला लागले, संघाने डोळे वटारले, १ जानेवारी २०२३ पासून माफी बंद.

माहीमची मावशी: म्हणजे करून गेला गाव आणि दुसऱ्याचंच नाव! अमेरिकेचं तर आणखी भारी. माफी हवी तर त्या देशाचे व्हिजिटर व्हिसा नाकारण्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली पाहिजे. नाकारणार तेच आणि ‘तुमचे फार नाकारले जातात’ म्हणणारही तेच. १९८६ पर्यंत आपली माणसं व्हिसाशिवाय लंडन फिरून यायची, हे आजच्या पोरांना खरंही वाटणार नाही.

ठाणेकर: आपण तरी कुणाला सोडतो? नेपाळ, भूतान, मालदीव. संपली यादी. घ्यायचं तर द्यायलाही हवं.

पार्लेकर: थायलंड, मलेशियाने २०२३ च्या अखेरीस आपल्याला दार उघडलं, तेव्हा आपण काय दिलं होतं? त्यांना आपले पैसे दिसले. म्हणजे फिरून गाडी पैशावरच.

गिरगावचा बंड्या: पर्यटक खर्च करतो आणि परत जातो, हा भरवसा आहे म्हणून. पॅरिसला तो भरवसा कागदावर हवाय, एवढंच माझं म्हणणं. बाकी भाचीने गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील, तर २०२४ च्या नियमाने दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री, म्हणजे अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. अर्जात तसा मागायला सांगा.