मदत हवी आहे : वाचनालयाची इमारत अर्ध्यावर असताना आर्किटेक्ट बदलायचा आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची नवी इमारत बांधतोय. मी बांधकाम समितीवर आहे. पैसा सगळा देणग्यांचा, त्यात पेन्शनमधून दरमहा पाचशे देणारी माणसंही आहेत. तळमजल्याचा स्लॅब ओतून झाला आणि काम थांबलं. आर्किटेक्ट दीड वर्षापासून साइटवर आलेले नाहीत, पत्रांना उत्तर नाही. त्यांच्या फीचा एक हप्ता आमच्याकडून राहिलाय, हेही खरं.

परवा वर जाऊन आले. पुढच्या कॉलमसाठी सोडलेल्या सळ्यांना सिमेंटचा घोळ लावला होता, तो पापुद्र्यासारखा हातात आला आणि खाली लाल गंज. तेव्हापासून झोप नाही.

नवीन आर्किटेक्ट बाई भेटल्या. त्या म्हणतात, आधीच्यांना कळवल्याशिवाय कागदाला हात लावणार नाही. आर्किटेक्टांसाठीच्या १९८९ च्या व्यावसायिक आचरणाच्या नियमांतच तसं आहे. समितीतले काही जण चिडलेत: नकाशे मंजूर आहेत, कॉन्ट्रॅक्टर आहे, आर्किटेक्ट हवाच कशाला? मला हे अजिबात पटत नाही. मंजुरीचा नकाशा म्हणजे सळ्यांचं ड्रॉइंग नव्हे. शिवाय राहिलेली फी आधी चुकती करावी आणि मगच ना-हरकत मागावी, असं माझं मत आहे.

दुसरी भीती आराखड्याची. सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या कामातून मूळ आर्किटेक्ट उत्झन १९६६ साली बाहेर पडले आणि उरलेलं काम पीटर हॉल या दुसऱ्या आर्किटेक्टकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे गेलं. मोठ्या सभागृहात ऑपेरा आणि संगीत मैफली दोन्ही व्हायच्या होत्या. ते फक्त मैफलींसाठी ठरलं आणि बसवलेली रंगमंचाची यंत्रणा काढून टाकावी लागली. आमचं काम त्यापुढे चिमूटभर, पण नव्या बाईंना जिना हलवायचाय, आणि त्या जिन्याच्या पायऱ्यांखालीच मुलांचा वाचनकोपरा ठरलेला आहे. उत्तरेचा उजेड तिथेच येतो.

जाणकारांनी कृपया सांगावं:

रजिस्टर्ड पत्र देऊनही आधीच्यांचं उत्तर आलं नाही, तर नगरपंचायतीला बदल कळवताना अर्जासोबत काय जोडायचं? झालेल्या कामाची मोजणी आणि फोटो जुन्या-नव्या दोन्ही आर्किटेक्टांच्या सहीने करायचे, तर एक सही येणारच नाही, मग पंचनामा कोणाकडून करून घ्यावा?

उभ्या कॉलमसाठी रिबाउंड हॅमरची चाचणी (वरून ठोका देऊन काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज) पुरेशी आहे की कोअर, म्हणजे आतल्या काँक्रीटचे नमुने, काढावेच लागतील? आरसीसीवाले (सळ्या-काँक्रीटचं डिझाइन करणारे) इंजिनिअर वेगळे आहेत आणि ते आमच्याशी बोलतात. त्यांनाच पुढे ठेवलं तर जबाबदारीची साखळी तुटणार नाही ना?

आणि गंजलेल्या सळ्या वायर ब्रशने घासून चालतील, की व्यास मोजून ठरवायचं? पावसाआधी निदान एवढं तरी करायचं आहे.