मदत हवी आहे: आईच्या तोंडातली गाठ, शुक्रवारी ऑपरेशन ठरलंय

चोपड्याचा_पोरगा
घाईत लिहितोय. आईच्या तोंडात गाठ आहे, रिपोर्ट वाईट आलाय. इथले डॉक्टर शुक्रवारी काढून देतो म्हणतात, अर्ध्या तासाचं काम. मामा म्हणतात मुंबईलाच ने. कापूस वेचणीला आलाय, घरात मी एकटा. न्यावं का? किती दिवस मोडतात? लवकर सांगा.

सातपुड्याचं_वारं
अहो, गाठ कुठे? जिभेला, गालात, टाळूला? वय किती? रिपोर्ट सुईचा की तुकडा काढून केलेला? 'वाईट' म्हणजे कागदावर काय लिहिलंय?

कापूसकोंड्या
तंबाखू? मिस्री?

चोपड्याचा_पोरगा
मिस्रीला उभ्या जन्मात हात लावलेला नाही तिने! म्हणून तर डोकं चालेना. टाळूला, उजवीकडे मागे. वय ५६.

जंक्शनवाला
मलाही जिभेखाली गाठ होती भो. जेवायला बसलं की फुगायची, तासाभरात उतरायची. लाळेच्या नळीत खडा निघाला, तांदळाएवढा. लिंबू चोखा, पाणी भरपूर प्या. माझा तर आपोआप पडला.

सातपुड्याचं_वारं
टाळूला म्हणतोय तो. जिभेखाली नाही.

काढेवाले_अण्णा
सुई टोचली की गाठ चवताळते. आमच्या शेजारच्या बाईंचं तेच झालं. तीन महिने हळद-कडुलिंब द्या, मग बघा.

दाढदुखी
मी दातांची डॉक्टर. अण्णा, 'सुई लावली म्हणून पसरला' हे मला आठवड्यातून दोनदा ऐकू येतं. सुईने पसरला म्हणून नाही, सुईला घाबरून वर्षभर घरी बसले म्हणून गाठ वाढलेली असते. तीन महिने थांबायला सांगू नका.
पोरा, रिपोर्टमधली ओळ जशीच्या तशी टाक. गाठ किती दिवसांची? टाळू बधिर वाटतो का?

चोपड्याचा_पोरगा
सुईचाच आहे. 'बेसलॉइड सॅलिव्हरी निओप्लाझम, बायोप्सी करून खात्री करावी.' दोन वर्षं झाली. आधी तुरीच्या दाण्याएवढी होती, आता बोराएवढी. दुखत नव्हती म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. एकाने कवळी घासते म्हणून कवळी तासून दिली, दुसऱ्याने पू समजून गोळ्या दिल्या. आता कवळी बसतच नाही, भाकरी दुधात कुस्करून खाते. बधिरपणाचं आताच विचारलं. म्हणते, चहा घशात गेल्यावर कळतं गरम होता, त्या बाजूला कळत नाही. हे तिने आधी सांगितलंच नव्हतं.

दाढदुखी
मग शुक्रवार रद्द कर. नीट वाच.
तोंडात ६०० ते १००० बारीक लाळग्रंथी असतात, टाळूत भरपूर. त्यांच्या गाठी तंबाखूशिवायही होतात. त्यातल्या साधारण निम्म्या साध्या असतात, म्हणजे तुझा रिपोर्ट अजून 'कॅन्सर' म्हणत नाही. 'बेसलॉइड' म्हणजे पेशी अशा दिसतात की साधी गाठ आणि अडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा (लाळग्रंथीचा एक कॅन्सर) यांतला फरक सुईच्या थेंबावरून सांगता येत नाही. पण बधिरपणा मला आवडलेला नाही. अडेनॉइड सिस्टिक नसांच्या कडेकडेने सरकतो, गाठ बोराएवढी दिसली तरी तो टाळूच्या नसेतून वर गेलेला असू शकतो.
म्हणून आधी गाठीचा छोटा तुकडा, मग कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय (नसा त्यातच दिसतात), हाडासाठी सीटी. कॅन्सर निघाला तर छातीचाही सीटी, कारण हा फुफ्फुसात जातो, कधी कधी दहा वर्षांनीसुद्धा. गाठ नुसती खुडून काढली तर कड कुठे होती हे नंतर कुणालाच कळत नाही.

कापूसकोंड्या
म्हणजे टाळूला भोक पाडणार?

दाढदुखी
हाड काढावं लागलं तर पडतं. मग ऑब्च्युरेटर बसवतात, कवळीलाच जोडलेलं झाकण. नाहीतर पाणी नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं. कड साफ नसली, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी उरल्या, किंवा नस धरली असली तर वर शेक, म्हणजे रेडिएशन, साधारण सहा आठवडे. किडलेले दात शेकाच्या आधी काढून घ्या, नंतर जबड्याची जखम सहज भरत नाही.

जंक्शनवाला
मुंबईला जायचं तर जळगावहून रात्रीची गाडी धरा, पहाटे दादर. टाटा हॉस्पिटल परळला, जवळच. परतताना फळबिळ तिथे घेऊ नका, आपली केळी तिथे चौपट भावाने विकतात.

सातपुड्याचं_वारं
झालं, केळीवर आली गाडी. रेशनकार्ड, आधार घेऊन जा. महात्मा फुले योजनेत बसतं का ते तिथल्या योजनेच्या खिडकीवर आधी विचार, बिल झाल्यावर नाही. तुकडा इथे काढलास तर तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात तुकडा जपून ठेवतात) दोन्ही माग. नुसत्या कागदावर तिथे कुणी ऑपरेशन करत नाही.

काढेवाले_अण्णा
काढा सोबत चालू ठेवायला काय हरकत आहे?

दाढदुखी
डॉक्टरांना दाखवून विचारा. लपवून देऊ नका.

चोपड्याचा_पोरगा
शुक्रवारचं रद्द केलं. डॉक्टर थोडे नाराज झाले, पण चिठ्ठी लिहून दिली. सोमवारी जळगावला तुकडा काढला, पाच मिनिटं लागली, एक टाका. ब्लॉक मागितला तर काउंटरवरचा पोरगा म्हणे, कशाला पाहिजे? अर्ज लिहून दिला. एमआरआय गुरुवारी. आईने विचारलंय, दाताला चांदी भरलेली आहे, ती मशीनमध्ये चालते का?

दाढदुखी
चालते. कवळी मात्र काढून ठेवा.