मदत हवी आहे : आप्पा डोळ्यातलं इंजेक्शन घ्यायला तयार नाहीत

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. वडिलांना (आप्पा, वय ६४) १५ वर्षांपासून शुगर आहे. दिवाळीपासून ते म्हणत होते, पेपर वाचताना मधलीच अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. आम्ही मोतीबिंदू असेल असं धरून चाललो आणि दोनदा चष्मा बदलला. मग एक दिवस त्रिमूर्ती चौकात सिटीलिंकची बस पुढ्यात येऊन थांबली, तरी त्यांना तिचा नंबर वाचता येईना. घरी एकेक डोळा झाकून बघायला लावलं, तर उजव्या डोळ्याला दाराची चौकट मध्येच वाकडी दिसत होती! दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घेतो, म्हणून इतके दिवस कळलंच नाही.

डॉक्टरांनी थेंब घालून डोळ्याचा पडदा (रेटिना) तपासला, ओसीटी म्हणजे पडद्याचं स्कॅन काढलं. शुगरमुळे पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होऊन पाझरतात आणि त्या पाण्याने पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, सुजलाय. वाचणं, चेहरा ओळखणं सगळं त्या एवढ्याशा जागेवर चालतं. कडेची नजर शाबूत असते, त्यामुळे आप्पा घरात बिनधास्त वावरतात. दुखत तर काहीच नाही.

सूज उतरायला डोळ्यात इंजेक्शनं सांगितली आहेत, सुरुवातीला दर महिन्याला एक. आप्पांचं म्हणणं, "शुगर आता आटोक्यात आलीये, डोळाही आपोआप सुधारेल." डॉक्टर म्हणाले, शुगर आणि बीपी सांभाळायलाच हवं, पण आत्ताची सूज तेवढ्याने उतरेल या भरवशावर थांबू नका. फार दिवस राहिली तर गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही. हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

तुमच्या घरी कोणी ही इंजेक्शनं घेतली आहेत का? डोळा बधिर करूनच देतात हे आप्पांना पटत नाहीये, सुईचीच धास्ती घेतलीये. घेताना नेमकं काय जाणवतं? किती इंजेक्शनांनंतर वाचता यायला लागलं? बेव्हॅसिझुमॅब आणि त्याहून बरंच महाग अफ्लिबरसेप्ट, असे दोन पर्याय दिलेत. तुम्ही कशावरून ठरवलंत?

आणखी एक. टाइप २ मध्ये शुगर निघाली त्याच वर्षी पडदा तपासायचा आणि पुढे दरवर्षी, नजर चांगली असली तरी. १५ वर्षांत आम्हाला हे कोणीच सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी राहिलं असेल तर या आठवड्यातच जाऊन या.

गुरुवारची वेळ मिळाली आहे. बुधवारी रात्री आप्पांना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.