स्पायडरमॅनचं लग्न पुसून कुणाचं भलं झालं?

खिडकीवाला

परवा 'रोखठोक' यांनी इथे लिहिलं की स्पायडरमॅनच्या चाहत्यांना काय हवंय ते त्यांचं त्यांनाच कळत नाही. बाराव्या वर्षी जे वाचलं तेच जन्मभर हवं असतं, लग्नामुळे पीटरचा, म्हणजे स्पायडरमॅनचा, 'काका' झाला होता, 2007 साली मार्व्हलने ते लग्न पुसलं ते झकास केलं, आणि अजून गळे काढणाऱ्यांनी आता मोठं व्हावं. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबलं. म्हणून हा धागा.

मोठे व्हा हे सांगतंय कोण? ज्यांना पीटर मोठा झालेला बघवत नाही ते! अहो, स्टॅन ली आणि डिटकोने 1962 साली शाळकरी पोरगा आणला आणि 1965 मध्ये, 28व्या अंकात, त्याची शाळा संपवूनसुद्धा टाकली. 1973 ला त्याची मैत्रीण ग्वेन गेली. 1978 ला कॉलेज संपलं, 1987 ला मेरी जेनशी लग्न झालं. या माणसाचं वय वाढतं, याच्या घरी भाडं थकतं, याचे मित्र मरतात, म्हणून तर आम्ही सुपरमॅन सोडून याच्या नादी लागलो.

आणि पुसलं तरी कसं? मे काकूला गोळी लागते. मेफिस्टो येतो, म्हणजे चक्क सैतान. म्हणतो, म्हातारी वाचवतो, बदल्यात तुमचं लग्न द्या. ही दोघं देतात! वर त्या कथेतली ती लाल केसांची मुलगी आठवा. पीटरला भेटते, बोलते, आणि शेवटच्या भागात कळतं की ही त्यांना होणारी मुलगी, जी आता कधीच जन्मणार नाही. हे वाचून माझ्या पोटात कालवलं होतं. दुसऱ्या दिवशी पीटर काकूच्या घरात उठतो, पार्टीला जातो, आणि तिथे हॅरी ऑस्बॉर्न धडधाकट उभा.

फाउंटनच्या फुटपाथवर मला 1993 चा 'स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन'चा 200वा अंक मिळाला होता. त्यात हॅरी मरतो. शेवटच्या पानांवर एक अक्षर नाही, नुसती चित्रं, आणि अखेरीला दोन मित्रांचा फोटो. त्या पानांचं मी आता काय करू?

बदलाला माझी हरकत नाही. खुशाल बदला. घटस्फोट दाखवा, मेरी जेनला मारा, पीटरचे पाय मोडा. पण घडलं ते घडलं राहू द्या. आम्ही पैसे मोजून, जीव लावून वाचलेलं 'झालंच नव्हतं' म्हणू नका. चाहत्यांना इतकंच हवंय.

रोखठोक

वा! माझ्या चार ओळींना एवढं मोठं उत्तर. धन्य झालो.

एक, 'मेरी जेनला मारा' हे तुम्ही आज म्हणताय. मारलं असतं तर आज त्यावर धागा निघाला असता. 1999 च्या सुमारास विमानाच्या स्फोटात तिला मेलेलं दाखवलं होतंच की, तेव्हा चाहत्यांनी काय पेढे वाटले? शेवटी परत आणावी लागली.

दोन, 2008 पासून 'अमेझिंग', म्हणजे मुख्य मालिका, महिन्याला तीन-तीनदा निघायला लागलं आणि लोक घेत होते. 'मी आजपासून सोडलं' म्हणणारे पुढच्या बुधवारी, नवे अंक येतात तेव्हा, दुकानात सगळ्यात पुढे.

तीन, 700व्या अंकात खलनायक ऑक्टोपस पीटरच्या शरीरात शिरला आणि खरा पीटर मेला. लेखक डॅन स्लॉटला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. एका कॉमिकसाठी! पुढे 2013 चं तेच 'सुपिरियर स्पायडरमॅन' आज लोक आवडीचं म्हणून सांगतात. चाहत्यांना विचारून चाललं असतं तर ते निघालंच नसतं. चाहत्याला काय हवं ते त्याला वाचून झाल्यावर कळतं, आधी नाही. हेच तर मी म्हणत होतो.

न्यूजर्सीकर

मी दर बुधवारी दुकानात जाणाऱ्यांपैकी, त्यामुळे टोमणा पोचला, धन्यवाद.

पण रोखठोकजी, जानेवारी 2024 चं विसरलात काय? लेखक हिकमनचं 'अल्टिमेट स्पायडरमॅन'. पीटर तिशीपुढचा, दाढी राखलेला, बायको मेरी जेन, दोन पोरं. पहिल्या अंकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या काढाव्या लागल्या. आमच्या दुकानदाराकडे पहिल्या खेपेला मला मिळाला नाही, नाव लिहून ठेवूनसुद्धा. सतरा वर्षं ज्यांना 'लग्न झालेला पीटर खपत नाही' सांगितलं तेच लोक रांगेत होते.

आणि त्याच सुमाराला मूळ मालिकेत काय चाललं होतं? पॉल! कोण हा पॉल? मेरी जेनच्या घरी हा कुठून आला? यावर मी लिहायला लागलो तर हापिसातून काढतील.

तिरकस

पॉलचं नाव काढू नका. जेवतोय.

रोखठोक

'अल्टिमेट' वेगळं विश्व आहे. तिथे लग्न असो, बारसं असो, मूळ मालिकेला धक्का नाही. म्हणूनच करता आलं. मुद्दा माझाच सिद्ध होतोय.

रद्दीसम्राट

तुम्हा पोरांचं भांडण वाचून हसू येतंय. लग्नाने नायक म्हातारा होतो म्हणे! आमच्या वेताळाने, म्हणजे फँटमने, 1977 साली डायनाशी लग्न केलं. जादूगार मांड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार लग्नाला हजर. 1979 ला जुळी झाली, किट आणि हेलॉइज. बुडाला का वेताळ? 1936 पासून आजही वर्तमानपत्रातली पट्टी चालू आहे. वेताळाचा जनक ली फॉक 1999 साली जाईपर्यंत स्वतः लिहीत होता. एक माणूस, साठ वर्षांच्या वर. तुमच्या स्पायडरमॅनला दर काही वर्षांनी नवा लेखक, तो येतो आणि आधीच्याचं खोडतो. खरं दुखणं ते आहे.

आपल्याकडे वेताळ छापणारं इंद्रजाल कॉमिक्स 1964 ला सुरू झालं आणि 1990 ला बंद. त्यानंतर या देशात कॉमिक्स संपली. काय ते डेंकालीचं जंगल, कवटीची गुहा, तुफान घोडा! साय बॅरीची चित्रं! दुष्टाच्या जबड्यावर उठलेली ती कवटीची खूण! माझ्याकडे मोठा संग्रह होता. एका बाइंडरकडे दिला बांधायला. त्या गाढवाने कडा सारख्या करायच्या म्हणून चारी बाजूंनी यंत्राखाली घातल्या. प्रत्येक पानावरचा शेवटचा फुगा अर्धा कापलेला. वेताळ दरोडेखोराला दम देतोय आणि वाक्य 'आता तुझी' इथे संपतंय. आता तुझी काय? आजपर्यंत कळलेलं नाही.

तिरकस

'आता तुझी बाइंडिंगची पाळी.'

रद्दीसम्राट

चेष्टा करा. तो गठ्ठा आज कुणाकडे असता तर घराचा हप्ता निघाला असता.

खिडकीवाला

सम्राट, बाजू माझीच घेताय, पण इंद्रजालवाल्यांनीसुद्धा पानं बसवायला मूळ पट्ट्यांतली चित्रं सर्रास उडवली होती. तुमच्या बाइंडरच्या आधीच कापाकापी झालेली.

रद्दीसम्राट

ते वेगळं. ते संपादन होतं.

रोखठोक

हा हा. मार्व्हलने केलं की पाप, इंद्रजाल काढणाऱ्या टाइम्सवाल्यांनी केलं की संपादन.

आणि सम्राट, वेताळाचं कौतुक करताय तर एक सांगा. 1936 ला जो एकविसावा वेताळ होता तोच आजही आहे ना? हिटलरच्या काळापासून जंगलात फिरतोय, अजून दंड तसेच, पोट सपाट. पोरं 1979 ची, म्हणजे आज चाळिशी उलटलेली हवीत. आहेत का? 'पिता गेला की पुत्र कवटीवर हात ठेवून शपथ घेतो' हे नुसतं सुरुवातीच्या चित्रापुरतं. बाविसावा काही येत नाही. लग्न झालं, पण घड्याळ बंदच. म्हणजे तुमच्या लाडक्या ली फॉकनेसुद्धा तेच केलं जे मार्व्हल करतं. फक्त गाजावाजा न करता.

रद्दीसम्राट

तुम्ही मूळ पट्टी वाचता का हो? की इकडचं तिकडचं वाचून ठोकताय? पट्टीचा लेखक टोनी डीपॉलने गेल्या काही वर्षांत एकविसाव्याच्या मरणाचं भाकीतच कथेत आणलंय. मोझ म्हातारा सांगतो की असं असं घडेल, घराची वाताहत होईल. आणि हेलॉइज, मुलगी, तिला तो केवढी उभी करतोय! पोरं हळूहळू का होईना वाढतायत. घड्याळ हळू आहे, बंद नाही. आणि मुख्य म्हणजे उलटं फिरवलेलं नाही. डायनाला सैतानाला विकली नाही कुणी.

रोखठोक

भाकीत! मेला का शेवटी? नाही ना? चला, 'हळू' मान्य. नव्वद वर्षांत एक माणूस दहा वर्षांनी वाढतो, एवढं हळू. खूश?

रद्दीसम्राट

तुमच्या पिढीला कशाचाच आदर नाही. मी इंद्रजालमधल्या बहादूरवर बोलणारच नाही तुमच्याशी.

तिरकस

बोला हो. बहादूर आणि बेला त्या काळात लग्नाशिवाय बरोबर राहायचे आणि एकाही सोसायटीने तक्रार केली नाही. 1976 साली आबिद सुरतींना जे जमलं ते मार्व्हलला जमेना. पीटरलाही जयगडला पाठवा, सैतान लागणार नाही.

मृण्मयी

एवढा वेळ गप्प होते. वरचे सगळे प्रतिसाद पुन्हा वाचा. मेरी जेनचं लग्न, मेरी जेनचं मरण, मेरी जेनच्या घरातला पॉल, डायनाला विकली, न विकली. या बाईला स्वतःला काय हवं होतं यावर कुणी एक ओळ लिहिली? त्या सैतानाच्या कथेत शेवटी सौदा तिने पुढे नेलाय, त्याच्या कानात काहीतरी सांगून. माझ्या मते त्या गोष्टीत तेवढी एकच जागा जिवंत आहे, आणि तिच्यावर चर्चा शून्य.

दुसरं. माझी लेक अकरा वर्षांची. तिला पीटर म्हणजे कुणीतरी वयस्कर सर वाटतात. तिचा स्पायडरमॅन माइल्स मोरालेस, तिची ग्वेन पुलावरून पडत नाही, ती स्वतः जाळं टाकते. तिला अंक घ्यायला गेले तर 'अमेझिंग' क्रमांक 1 हवा म्हणाली. कोणता? 1963 चा? 1999, 2014, 2015, 2018, 2022, 2025, प्रत्येक वेळी पुन्हा एकपासून! दुकानातल्या मुलालाही सांगता येईना. तुम्ही लग्नावर भांडा. नव्या वाचकाच्या नावाने सगळं पुसलं म्हणता, तो नवा वाचक दारातूनच परत जातोय.

न्यूजर्सीकर

मृण्मयीताई, क्रमांकाबद्दल शंभर टक्के. दर वेळी पहिला अंक म्हटला की आमच्यासारखे चार प्रती घेतात, वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या. त्यासाठीच ते चालतं. मीही घेतो, बायकोला सांगू नका. लेकीला माइल्स 2011 च्या सुरुवातीपासून द्या, लेखक बेंडिस आणि चित्रकार सारा पिकेलीचा. सरळ रेषेत वाचता येतो.

तिरकस

आणि आपला भारतीय स्पायडरमॅन, पवित्र प्रभाकर? 2004 साली खास मुंबईत पाठवलेला, धोतर नेसून उड्या मारणारा. चार अंकांत आटोपला. त्याचं लग्न पुसायचीही वेळ आली नाही.

रोखठोक

मृण्मयी यांचा मुद्दा चांगला आहे, पण तो माझ्या बाजूचा. पोरांना पीटर 'सर' वाटतो, म्हणजे बायको-पोरांचा पीटर आणखी दूर जाईल. तरुण पीटर हवाच.

मृण्मयी

माझा मुद्दा तुमच्या बाजूचा नाही. तरुण हवा असेल तर माइल्स आहे ना! पीटरला तिथेच बांधून कशाला ठेवायचं? त्याचं वय वाढू द्या, जागा दुसऱ्याला मिळू द्या. लेखक डीफाल्कोची 'स्पायडर-गर्ल' आठवते? 1998 ची. पीटरची मुलगी मे, बाप एक पाय गमावून पोलिसांच्या प्रयोगशाळेत कामाला. दर थोड्या दिवसांनी बंद व्हायची बातमी यायची आणि वाचक पत्रं लिहून वाचवायचे. शंभर अंक चालली. चाहत्यांना काय हवं ते कळत नाही म्हणता, इथे तर ते लेखी कळवत होते.

रोखठोक

'स्पायडर-गर्ल' चांगली होती. झालं समाधान? पण ती पत्रं लिहिणारे किती, आणि 'अमेझिंग' घेणारे किती? कंपनी पत्रांवर चालत नाही.

खिडकीवाला

पत्रांवर चालत नाही? वर्तमानपत्रातल्या स्पायडरमॅन पट्टीत 2009 च्या सुरुवातीला हाच उद्योग केला होता. पीटर एकदम पुन्हा कॉलेजात, लग्न गायब. वाचकांनी इतका आरडाओरडा केला की काही महिन्यांत 'ते स्वप्न होतं' म्हणून बायको परत दिली. खुद्द स्टॅन लीच्या नावाच्या पट्टीत! आणि पुस्तकात ज्याच्या नावावर ही कथा आहे त्या स्ट्रॅझिन्स्कीने शेवटच्या दोन भागांवरून स्वतःचं नाव काढायचं ठरवलं होतं, मार्व्हलचा तेव्हाचा मुख्य संपादक केसाडाने समजूत घातली म्हणून राहिलं. लिहिणाऱ्यालाच जे नको होतं ते वाचणाऱ्याने डोक्यावर घ्यायचं होय?

'सुपिरियर' चांगलं निघालं हे मात्र तुमचं खरं. आणि ते चांगलं का निघालं? ऑक्टोपसने पीटरच्या नावावर जे घोळ घातले, जी कंपनी काढली, जी मैत्रीण केली, ते पीटर परत आल्यावर त्याला निस्तरावं लागलं. कुणी येऊन पुसलं नाही. माझ्याच मुद्द्याचं उदाहरण आणून दिलंत, आभार.

रोखठोक

आभार नकोत. एकच सांगा, एवढं सगळं पुसलंय, फसवणूक झालीय, हॅरीच्या पानांचं काय करू विचारताय, तर नवा 'अमेझिंग' वाचता की नाही?

खिडकीवाला

मार्व्हलच्या ॲपवर तीन महिन्यांनी येतो तेव्हा वाचतो.

रोखठोक

वाचता ना? झालं तर मग.

खिडकीवाला

वाचतो आणि शिव्या घालतो. दोन्हीचे पैसे मीच भरतो, तुमचं काय जातंय?

रद्दीसम्राट

ते ॲपचं राहू द्या. 1970 च्या आसपासचे मराठी इंद्रजाल कुणाकडे न कापलेले असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रोखठोक सोडून.